शेऱ्याचा रकाना

गेल्या पावसाळ्यात दीड-दोन महिने माझं घरी एकाच पद्धतीने स्वागत व्हायचं. संध्याकाळी आठच्या सुमारास गाडी आत घ्यायची, फाटक लावायचं, पायऱ्या चढायच्या, की दारात चिरंजीव उभे. गळ्यात हेडफोन, तोंड उतरलेलं. "नेट गेलं," एवढंच बोलून स्वारी आत. मी बूट काढून फोन बघावा तर नेट व्यवस्थित चालू. "चालू तर आहे की रे," मी म्हणायचो. त्यावर तो काही बोलायचा नाही, फक्त बघायचा. सोळाव्या वर्षी मुलं जशी बापाकडे बघतात तसं.

मी सिग्नल कोअरचा. वीसहून जास्त वर्षांची नोकरी निरोप इकडून तिकडे पोचवण्यात गेली. आमच्या कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. आणि माझ्याच घरातली लाईन रोज ठरल्या वेळी बसत होती, तर मी म्हणत होतो, बरं झालं, तेवढाच अभ्यास करेल.

आधी जागा सांगतो. सध्या पोस्टिंग म्हैसूरला, एनसीसीत. ज्यांनी एनसीसीची पोस्टिंग केली आहे त्यांना ठाऊक आहे, छावणी नाही, मेस नाही, क्वार्टर मिळालं तर मिळालं. आम्हाला नाही मिळालं. मग भाड्याचं घर शोधत शोधत टी. नरसीपूरच्या रस्त्याने रिंग रोडच्या बाहेर पडलो आणि वरुणाला थांबलो. कर्नाटकाच्या राजकारणात हे नाव सिद्धरामय्यांचा मतदारसंघ म्हणून सगळ्यांना माहीत आहे. राहणाऱ्याला वरुणा म्हणजे मोठा तलाव, भाताची खाचरं, नारळाची झाडं आणि मधूनमधून आखलेले नवे ले-आउट, ज्यात अर्धे प्लॉट अजून गवताचे. सकाळी तलावावर पक्षी, ढग नसले तर लांब चामुंडीची टेकडी. पंजाबच्या धुळीतून आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

मुलाला मात्र पाहिजे होतं. ही त्याची सहावी शाळा. दर बदलीला आपण सामानाच्या काळ्या पेट्यांवर नवं नाव रंगवतो आणि मुलांना सांगतो, नवे मित्र होतील. होतातही. पण दोन वर्षांनी पुन्हा पेट्या. आम्ही एनडीएत तीन वर्षं एका स्क्वाड्रनमध्ये काढली, एकत्र रगडा खाल्ला, म्हणून आजही कोर्समेटचा फोन आला की पहिला शब्द शिवी असते. या मुलांना तसं काही नाही. त्यांचं खडकवासला कुठे आहे? ते मला वरुणात कळलं. एका गेममध्ये.

गेमचं नाव वॅलरंट. पाच जणांची एक टोळी विरुद्ध पाच जणांची दुसरी. ज्यांनी आधी तेरा फेऱ्या जिंकल्या ते जिंकले, एक सामना अर्धा-पाऊण तास. माझ्या मुलाच्या टोळीतले बाकीचे चौघे म्हणजे त्याच्या आधीच्या स्टेशनवरची फौजी पोरं. एक पठाणकोटला, एक जबलपूरला, एक सिकंदराबादला, आणि एकाचे वडील रिटायर होऊन पुण्यात स्थायिक झालेले. पाचही जण रोज रात्री साडेसातला जमायचे, नऊला उठायचे. वेळ त्यांनीच ठरवलेली, आणि पाळायचे. आमच्या रोलकॉलपेक्षा जास्त शिस्तीने.

सामना चालू असताना एकाचं नेट गेलं की उरलेले चौघे पाच जणांशी लढतात. रडतखडत हरतात. पुन्हा पुन्हा असं झालं की गेम त्या मुलाला पळपुटा समजतो आणि काही वेळ खेळायला बंदी करतो. सप्टेंबरपर्यंत माझ्या मुलावर अशी बंदी तीनदा आली होती. चौघांनी त्याला नाव ठेवलं होतं 'डेझर्टर'. हे मला खूप नंतर समजलं. फौजी घरातल्या मुलाला फौजी घरातल्या मुलांनी ठेवलेलं नाव. ते किती झोंबतं हे इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

माझा गेमवर राग होता तो जुना. जुलै २०२० मध्ये फौजेने आपल्या लोकांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, त्यात पबजी होतं. पुढे, २ सप्टेंबरला, सरकारने ते देशभरच बंद केलं. तेव्हा चिरंजीव पाचवी-सहावीत, लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले. मी फोनवरून ते ॲप उडवलं आणि त्याला सुरक्षेवर अर्ध्या तासाचं लेक्चर दिलं. लेक्चर बरोबर होतं. अनोळखी माणसाशी हेडफोनवर बोलताना बापाचं युनिट, गाव, बदली यातलं अक्षर बोलायचं नाही, हे आजही आमच्या घरात फर्मान आहे, आणि फौजी आईबापांनी ते द्यावंच. पण त्या लेक्चरनंतर माझ्या डोक्यात 'गेम' या शब्दावर लाल शिक्का बसला तो बसलाच. वरुणात नेट गेलं तेव्हा मी तक्रार ऐकली नाही. शिक्का बघितला.

तरी बायकोने पाठ धरली म्हणून कंपनीला फोन केला. "राउटर बंद करून चालू करा, सर." केला. मग एक तंत्रज्ञ आला, सकाळी अकराला. मोबाइलवर स्पीड मोजला, शंभर एमबीपीएस. "सर, लाईन सुपर," म्हणाला आणि गेला. मीही मुलाला म्हणालो, बघ, शंभर आहे.

यात माझी जी चूक झाली ती एखाद्या रंगरूट सिग्नलमनने केली असती तर मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी. सिनेमा बघायचा तर ट्रकांचा कॉन्व्हॉय जातो, त्याला रुंदी लागते. मध्ये दहा सेकंद वाहतूक थांबली तरी चालतं, कारण पुढचा माल आधीच येऊन पडलेला असतो. गेमचं तसं नाही. गेममध्ये जातो तो डी.आर., मोटरसायकलवरचा डिस्पॅच रायडर. त्याच्या थैलीत चिठ्ठीभर मजकूर, मी इथे आहे, मी गोळी झाडली, बस. त्याला पायवाट पुरते. पण सेकंदाला कितीतरी डी.आर. सुटतात, आणि प्रत्येक जण वेळेवर पोचला पाहिजे. उशिरा आलेली चिठ्ठी शिळी, ती गेम फेकून देतो. त्यामुळे शंभर एमबीपीएसच्या लाईनवर गेम मरू शकतो आणि पाच एमबीपीएसच्या लाईनवर मजेत चालू शकतो. दिवसा अकराला स्पीड मोजून रात्री आठचा फॉल्ट सापडत नसतो, हे तर कुणालाही कळावं.

मला जाग आली ती एका जुन्या आठवणीने. मी कॅप्टन असताना उत्तरेला एका ठिकाणी होतो, नाव लिहीत नाही. दोन चौक्यांमधली टेलिफोन लाईन दर दोन-तीन दिवसांनी तुटायची. मी नकाशा घेऊन तर्क लढवत बसलो होतो, बर्फ, दगड, अस्वल. आमचे लाईन हवालदार साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "साहेब, किती वाजता तुटली ते लिहून ठेवलंय का कुणी?" कुणीच नव्हतं ठेवलं. त्यांनी वही घातली. मग मधोमध जाऊन केबलला फोन जोडला, दांडी फिरवली, इकडे बोलले, तिकडे बोलले. इकडची बाजू जिवंत, तिकडची मेली. मेलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मधोमध. अशी लाईन निम्म्याने कापत आणायची, आणि शेवटच्या तुकड्यात केबल मुठीतून सरकवत चालायचं, अंधारात डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर कळतं. कारण निघालं एक खेचरवाला. त्याला ओझं बांधायला आमच्या केबलइतकी चांगली दोरी पंचक्रोशीत नव्हती. वहीतल्या वेळा आणि त्याच्या फेऱ्या तंतोतंत जुळल्या.

एका शनिवारी मी कॅन्टीनमधून दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि मुलासमोर ठेवलं. रकाने आखले: तारीख, गेलं किती वाजता, आलं किती वाजता, कुठली खिडकी मेली, राउटरचे दिवे, शेरा. तो म्हणाला, "हे कशाला?" मी म्हणालो, "फॉल्ट शोधायचाय." त्याने माझ्याकडे असं बघितलं की चोरानेच पोलिसात तक्रार नोंदवायला सांगितली आहे. त्या नजरेचा अर्थ तेव्हा लागला नाही.

खिडक्या म्हणजे लॅपटॉपवरच्या. एका खिडकीत घरातल्या राउटरला सारखं पिंग करायचं, १९२.१६८.१.१. दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या जगाला, ८.८.८.८. पिंग म्हणजे 'आहेस का?' म्हणून हाक मारायची आणि 'आहे' यायला किती मिलीसेकंद लागले ते मोजायचं. पहिली खिडकी मेली तर फॉल्ट घरात. पहिली जिवंत आणि दुसरी मेली तर फॉल्ट घराच्या पलीकडे. हवालदारसाहेबांचं 'मधोमध' ते हेच. (नेव्हीतल्या कोर्समेटांसाठी: हा पिंग १९८३ साली माइक म्यूस नावाच्या माणसाने लिहिला आणि नाव दिलं पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. पण तो नोकरीला होता अमेरिकेच्या आर्मीच्या प्रयोगशाळेत. तेव्हा श्रेय आमचं.)

चार दिवसांत वही बोलायला लागली, आणि गोंधळ वाढला. कारण फॉल्ट एक नव्हता, दोन होते, आणि दोन्ही एकाच तासाला ड्युटीवर यायचे.

पहिला घरातला. साडेसात ते साडेआठ पहिल्याच खिडकीतले आकडे उसळायचे. एरवी दोन-तीन मिलीसेकंद, मध्येच तीनशे, मध्येच उत्तरच नाही. आमचा राउटर हॉलमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल. रुमालाने लहरी अडत नाहीत हे खरं, पण कप्प्याच्या मागे पत्रा होता, मध्ये दोन भिंती, आणि वाटेत स्वयंपाकघर. लॅपटॉप वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलत होता. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यावर चालते. रात्री आठला आमच्या घरी भाजी गरम होते. रजिस्टरमध्ये एका दिवशी शेरा होता: 'आई – वांगी.' दुसऱ्या दिवशी: 'आई – आमटी.' बायको म्हणाली, "म्हणजे आता माझ्यावर खटला का?"

खटला भरला नाही. पंधरा मीटर लॅन केबल आणली, मी आणि मुलगा गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकत ती त्याच्या खोलीपर्यंत नेली. खूप वर्षांनी लाईन पार्टीत हवालदारकी केली. क्लिप मी धरायची, हातोडी त्याची. बोलणं बेताचंच. पण खिडकीतले आकडे सरळ रेषेत आले, तेव्हा त्याने पहिल्यांदा मला काहीतरी आपणहून दाखवलं. मुंबईच्या सर्व्हरपर्यंत ३५ मिलीसेकंद. खुर्चीत बसून तो मला जिटर म्हणजे काय ते सांगत होता, आणि मी मध्ये बोललो नाही. महूला तीन वर्षं तेच शिकलो होतो तरी.

दुसरा फॉल्ट तसाच राहिला. आठच्या आसपास पहिली खिडकी ठणठणीत, दुसरी एकदम मेलेली. तीन-चार मिनिटांनी जिवंत. दिव्यांच्या रकान्यात 'एलओएस लाल'. म्हणजे काचेच्या तारेतून येणारा उजेडच थांबला. फॉल्ट घराबाहेर. मी म्हणालो, संध्याकाळी सगळं म्हैसूर सिनेमे बघतं, लोड येत असेल. मुलगा म्हणाला, "मग रविवारी का नाही जात?" मला उत्तर नव्हतं. शिवाय लोडने नेट मंद होतं, लाल दिवा लागत नाही, हेही मला सुचायला हवं होतं.

मग दहा दिवस माझा कॅम्प लागला, कॅडेट्सचा वार्षिक. युनिटची गाडी न्यायला आली, मी गेलो. परत आल्यावर पाणी पिता पिता विचारलं, "नेट कसं होतं?"

बायको म्हणाली, "छान. एकदाही गेलं नाही."

"एकदाही?"

"दहा दिवसांत एकदाही नाही." आणि मग भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता: "अहो, तुम्ही ते फोनवरून बंद नाही ना करत?"

मी रजिस्टर उघडलं. कॅम्पच्या दहा दिवसांच्या ओळी कोऱ्या, त्यावर तिरकी रेघ. त्याआधीच्या पानांवर, दुसऱ्या फॉल्टच्या प्रत्येक ओळीला शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात तेच दोन शब्द. १९:५८, बाबा आले. २०:०६, बाबा आले. २०:११, बाबा आले. मी ही पानं आधी बघितली होती. आकडे बघितले होते. शेरा वाचला नव्हता. अधिकाऱ्यांना शेरा लिहायची सवय असते, वाचायची नसते.

आता एक गोष्ट कबूल करतो. मागच्या स्टेशनवर, त्याची नववीची परीक्षा जवळ आलेली, तेव्हा मी एका रात्री मोबाइलवरून राउटर खरंच बंद केला होता. तो खेळत होता, मी दुसऱ्या खोलीत बसून बटण दाबलं आणि पेपर वाचत राहिलो. तो बाहेर आला, "नेट गेलं का?" मी म्हणालो, "गेलं असेल." सांगितलं नाही. त्याला तेव्हाच कळलं होतं. मला वाटत होतं, नाही कळलं.

तेव्हा दीड-दोन महिने तो दारात उभा राहून 'नेट गेलं' म्हणत होता, ती तक्रार नव्हतीच. तो मला संधी देत होता. आणि मी रोज म्हणत होतो, "चालू तर आहे की रे."

त्या रात्री मी त्याच्या खोलीत गेलो. माफी वगैरे मागायची आपल्याकडे सवय कुठे असते? मी म्हणालो, "मागच्या वेळी मी बंद केलं होतं. सांगितलं नाही, ते चुकलं. या वेळी मी नाही." तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण तुम्ही आलात की जातं. हे तर प्रूव्ह झालंय."

"मग मी येतो म्हणजे नेमकं काय काय होतं, ते बघू."

सकाळी शाळेआधी आम्ही ते करून बघितलं. तो आत दिव्यासमोर, मी बाहेर. मी रस्त्यावर उभा राहिलो. "हिरवा!" बाजूच्या छोट्या दारातून आत आलो. "हिरवा!" गाडी चालू केली, बंद केली. "हिरवा!" फाटकाचं डावं दार उघडलं. "हिरवा!" उजवं दार उघडून पार खांबाला टेकवलं.

"लाल! बाबा, लाल!"

मिटलं. थोड्या वेळाने, "हिरवा!" पुन्हा उघडलं. "लाल!" शेजारचे कन्नड आजोबा गॅलरीत येऊन बघत होते, की हा कर्नल रोज सलामी घेणारा माणूस आज फाटकाशी असा काय खेळतोय.

खाली वाकून तळहात फिरवला तेव्हा सापडलं. जूनमध्ये नारळाची झावळी पडून आमची जुनी तार तुटली होती. नवी टाकताना कुणीतरी ती सुबक दिसावी म्हणून खांब आणि बिजागरी यांच्या फटीतून नेली होती. उजवं दार पूर्ण उघडलं की लोखंडी पट्टी तिथे बसायची आणि तार चिमटीत धरून काटकोनात वाकवायची. छोट्या दाराने माणसं येतात-जातात, त्याचा त्रास नाही. मोठं फाटक फक्त गाडीला उघडतं. सकाळी मी जातो तेव्हाही नेट जातच असणार, पण तेव्हा मुलगा शाळेच्या बसमध्ये. रविवारी गाडी जागची हलत नाही. कॅम्पला मी युनिटच्या गाडीने गेलो. आणि फाटक लावून मी पायऱ्या चढेपर्यंत उजेड परत आलेला असायचा, पेटीला पुन्हा नोंदणी करून जोडायला दोन-तीन मिनिटं लागायची, म्हणजे मी बूट काढून फोन बघेपर्यंत सगळं चालू. जगात एकच माणूस असा होता ज्याला हा फॉल्ट कधीच दिसणं शक्य नव्हतं, आणि तो मी.

तंत्रज्ञ पुन्हा आला, या वेळी उजेड मोजायचं यंत्र घेऊन. पोरगा हुशार होता, पहिल्या वेळी त्याला कुणी नीट प्रश्नच दिला नव्हता. फाटक बंद असताना उणे १९ डीबीएम. उघडल्यावर उणे ३१. या पेट्या साधारण उणे २७-२८ पर्यंतच उजेड ओळखतात. दर तीन डेसिबलला उजेड निम्मा होतो, म्हणजे बारा डेसिबलला चारदा निम्मा, सोळावा हिस्सा उरला. या काचेच्या तारेचा मधला गाभा, ज्यातून उजेड धावतो, तो नऊ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. सरळ असली की ती उजेड किलोमीटरच्या किलोमीटर नेते, आणि पेन्सिलीवर गुंडाळल्यासारखी वाकवली की उजेड वळणावर भिंत फोडून बाहेर सांडतो. तार तुटत नाही. नुसती दुमडते. म्हणूनच दिवसा येऊन बघणाऱ्याला ती धडधाकट दिसते. "सर, इल्लि बेंड आगिदे," तो खांबाकडे बोट दाखवत म्हणाला. इथे वाकलीय. मला एवढं कन्नड येत होतं.

नवी तार उंचावरून, थेट गच्चीच्या कठड्यावरून घेतली. घरमालकांनी भिंतीला भोक पाडायला आधी कुरकुर केली, मग कर्नाटकातलं ते सर्वसमावेशक 'स्वल्प अडजस्ट माडी' झालं आणि काम उरकलं. घरमालक निवृत्त शिक्षक. त्यांनीच चहावर आठवण काढली, की म्हैसूरच्या मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी, एम. व्ही. गोपालस्वामींनी, १९३५ साली आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला नाव दिलं 'आकाशवाणी'. पुढे तेच नाव सगळ्या देशाच्या रेडिओचं झालं. घरातल्या एका खोलीतून बोलायचं, आणि कुठेतरी लांब कुणीतरी ऐकत असायचं. माझा मुलगा चहा घ्यायला थांबला होता, एरवी थांबत नाही. म्हणाला, "म्हणजे ते स्ट्रीमर होते." मास्तरांना तो शब्द समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली.

'डेझर्टर' हे नाव मला त्यानंतरच कळलं, रजिस्टरच्या शेवटच्या पानावर, त्याने स्वतःच पेनाने गिरवून गिरवून खोडलेलं. मी विचारलं नाही. पण एक दिवस मुद्दाम आठला पोचलो, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, गाडी आत घेतली आणि दारं तशीच उघडी टाकून वर गेलो. दारात कुणी नव्हतं. खोलीतून आवाज येत होता, हिंदीत, जोरजोरात. सामना चालू. मी चौकटीत उभा राहिलो. त्याने मागे न बघता हात वर केला, थांबा या अर्थाने, आणि माइकमध्ये म्हणाला, "पापा आ गए. गेट खुला है. मैं हूँ अभी भी." पलीकडे काहीतरी हशा झाला. मग त्याने हेडफोनची पिन उपसली, आणि स्पीकरमधून चार फुटलेले, मिसरूड फुटायच्या वयाचे आवाज एकदम आले, "जय हिंद, अंकल!"

मी जय हिंद म्हणालो. सामना ते हरले, ११-१३ ने.

रजिस्टर अजून चालू आहे. आता त्यात फक्त लाईट गेल्याच्या नोंदी होतात, आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा अशी मागणी रीतसर अर्ज लिहून माझ्याकडे आली आहे. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून.